करंट, हवेचा मोजा, आरसा आणि जपाचा काउंटर : लकव्यानंतर घरी हातासाठी काय घ्यावं, काय घेऊ नये

नाशिकमध्ये लकव्याचा पेशंट दवाखान्यातून घरी आला की महिन्याभरात घरात तीन वस्तू हमखास जमतात. भेटायला आलेल्या कुणीतरी आणलेला स्माइलीचा मऊ चेंडू, दाराच्या चौकटीला अडकवायची पुली आणि पुण्या-मुंबईच्या भाच्याने ऑनलाइन मागवलेला हवेचा हातमोजा. पहिल्या दोन वस्तू बहुतेकांना नकोतच. तिसरी घ्यायची की नाही हे हाताकडे बघून ठरवायचं, जाहिरातीकडे बघून नाही. सर्जिकल दुकानांत आणि ऑनलाइन जी यंत्रं मिळतात, आणि व्हिडिओ कॉलवर जी फिजिओथेरपी मिळते, त्यांची ही झाडाझडती. ब्रँडची नावं मुद्दाम टाळली आहेत, कारण एकच माल चार-पाच लेबलांखाली येतो. खोक्यावरचं नाव बघण्यापेक्षा आतलं यंत्र काय करतं ते बघावं.

मोजपट्टी एकच लावली आहे : ही वस्तू वापरताना अर्ध्या तासात पेशंट स्वतः, आपल्या मनाने, किती वेळा हात हलवायचा प्रयत्न करतो? २००९ साली अमेरिका आणि कॅनडातल्या फिजिओथेरपीच्या सेशनमधल्या हालचाली मोजल्या गेल्या, तेव्हा हाताने काहीतरी काम करण्याच्या हालचाली एका सेशनला सरासरी ३२ भरल्या. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदूतले बदल दिसले, तिथे हा आकडा दिवसाला शेकड्यांत असतो. ही तफावत घरी भरून निघते, आणि यंत्राचा उपयोग तेवढ्यापुरताच. दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही, पण तोच जास्त नडतो : यंत्र चढवायला किती वेळ लागतो आणि कोण चढवणार? वीस मिनिटांची तयारी लागणारं कुठलंही यंत्र तिसऱ्या आठवड्यात कपाटावर जातं.

आधी हात तपासा

पेशंटला टेबलाजवळ बसवा. हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेच्या बाहेर लोंबतं. आता मनगट वर उचलायला सांगा. ते १० अंश, म्हणजे जेमतेम दिसेल इतकं, वर येत असेल आणि अंगठा व आणखी दोन बोटंही तेवढीच उघडत असतील, तर या लेखातलं एकही महाग यंत्र घेऊ नका. अशा हाताला सगळ्यात जास्त पुरावा असलेला उपाय जवळपास फुकट आहे : चांगला हात मोज्यात बंद करायचा आणि कामं लुळ्या हाताकडून करून घ्यायची. २००६ साली अमेरिकेत २२२ पेशंटवर झालेल्या मोठ्या चाचणीत चांगला हात दोन आठवडे जागेपणीचा नव्वद टक्के वेळ मोज्यात ठेवला होता आणि रोज सहा तासांपर्यंत सराव होता. त्याचा फायदा वर्षभरानंतरही मोजता आला. घरी सहा तास कुणाला जमत नाहीत. दोन-तीन तास मोजा घालायचा, त्यात तासभर ठरवून सराव, असं बहुतेक घरांत निभतं. ओव्हनचा जाड मोजा किंवा जुना क्रिकेटचा ग्लोव्ह चालतो. जिना, बाथरूम आणि गरम चहा या तीन ठिकाणी मोजा काढायचा, नाहीतर हाताच्या नादात पेशंट पडायचा.

बोटं अजिबात उघडत नसतील तर यंत्रांचा विचार सुरू होतो. २०१० साली छापलेल्या एका डच अभ्यासात झटक्यानंतर ७२ तासांच्या आत बोटं थोडीशी उघडणाऱ्या आणि हात खांद्यातून बाजूला उचलता येणाऱ्या पेशंटपैकी ९८ टक्के लोकांच्या हातात सहा महिन्यांनी काही ना काही कामाची हालचाल आली होती. दोन्ही नसणाऱ्यांत ते प्रमाण २५ टक्के होतं. ‘तीन महिन्यांत हात पहिल्यासारखा’ असं सांगून विकणाऱ्याला हा दुसरा आकडा ऐकवावा.

चेंडू आणि पुली, एका दमात

लकव्यानंतर मूठ आवळणं आधी येतं, उघडणं मागून येतं आणि कित्येकांचं येतच नाही. आधीच आवळलेल्या हाताला आणखी आवळायचा सराव कशासाठी? बोटं नीट उघडतात पण पकड कमी आहे, अशांनाच चेंडू द्यावा. बाकीच्यांनी तो नातवाला द्यावा.

पुलीचं प्रकरण मात्र गंभीर आहे. हात वर जाताना पाठीतला फरा फिरावा लागतो आणि दंड बाहेरच्या बाजूला वळावा लागतो. लुळ्या बाजूला यातलं काहीच होत नाही. चांगला हात दोरी ओढतो आणि लुळा हात नुसता वर खेचला जातो. दंडाचं हाड वरच्या हाडावर आदळतं आणि मधले स्नायू चिमटतात. १९९० साली छापलेल्या २८ पेशंटच्या एका छोट्या अभ्यासात पुली वापरणाऱ्यांपैकी ६२ टक्क्यांचा खांदा दुखू लागला. फिजिओने स्वतः हात धरून व्यायाम दिलेल्या गटात हाच आकडा ८ टक्के होता. अमेरिकेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही डोक्यावरची पुली वापरू नये असं स्पष्ट आहे. तरी आपल्याकडे ती सर्रास विकली जाते, कारण स्वस्त आहे आणि ‘व्यायाम चाललाय’ असं दिसतं. एकदा खांदा धरला की पुढचे सहा महिने हाताच्या सरावाचे तीनतेरा.

करंटचं मशीन

सर्जिकल दुकानात ‘करंटचं मशीन द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा समोर येतं ते टेन्स. टेन्स दुखणं कमी करायला. त्याने मुंग्या येतात, पण स्नायू आकसून सैल पडण्याची लय त्यात नसते. हाताला हवं असतं ते स्नायू हलवणारं यंत्र, ज्याच्या खोक्यावर एनएमईएस, ईएमएस किंवा मसल स्टिम्युलेटर असं लिहिलेलं असतं. लेबलवरही विसंबू नका. यंत्र चालू करून दाखवायला सांगा आणि तीन सेटिंग वेगवेगळी बदलता येतात का ते बघा : करंट किती सेकंद चालू, किती सेकंद बंद आणि चढायला किती सेकंद. चालू-बंदची वेळ बदलता येत नसेल तर ते मशीन या कामाचं नाही, दुकानदार काहीही म्हणो.

मनगट आणि बोटं उघडण्यासाठी सुरुवातीचं सेटिंग असं : ३५ हर्ट्‌झ, पल्सची रुंदी २५० ते ३०० मायक्रोसेकंद, चढ २ सेकंद, चालू १० सेकंद, बंद २० सेकंद. म्हणजे अर्ध्या मिनिटाला एक आकुंचन, अर्ध्या तासात साठ. दिवसातून दोनदा केलं तर एकशेवीस. बंदची वेळ घाईने कमी करू नका. करंटने हलवलेला स्नायू मनाने हलवलेल्या स्नायूपेक्षा लवकर थकतो. दहाव्या मिनिटाला हात कमी उघडायला लागला तर करंट वाढवण्याऐवजी विश्रांती वाढवा. दोन-तीन आठवड्यांत ताकद टिकू लागली की बंदची वेळ १५ आणि मग १० सेकंदांवर आणता येते.

पॅड ५ बाय ५ सेंटिमीटरचे. पहिला कोपराच्या बाहेरच्या हाडापासून दोन बोटं खाली, हाताच्या वरच्या बाजूच्या मांसल भागावर. दुसरा त्याच रेषेत, कोपर ते मनगट या अंतराच्या मध्याच्या थोडा पुढे. हात उशीवर, तळवा खाली. करंट हळूहळू वाढवा आणि बघा काय होतं, कारण पहिल्याच दिवशी हवी तशी हालचाल क्वचित मिळते.

मनगट अंगठ्याच्या बाजूला तिरकं वर येत असेल तर वरचा पॅड करंगळीच्या बाजूला एक सेंटिमीटर सरकवा. मनगट उचललं जातं पण बोटं उलट आत वळतात, ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. तिथे खालचा पॅड मनगटाकडे दीड-दोन सेंटिमीटर न्या आणि करंट थोडा कमी करा, म्हणजे मनगटापेक्षा बोटांच्या स्नायूंना वाटा जास्त मिळेल. करंट चालू होताच मूठच आवळली जात असेल तर पॅड हाताच्या कडेवरून आतल्या बाजूला गेला आहे किंवा करंट फार झाला आहे. जागा सापडली की बॉलपेनने पॅडच्या चारही कोपऱ्यांना खुणा करा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी सून लावणार, तिसऱ्या दिवशी मुलगा. फोटो नसेल तर रोज नव्याने शोधाशोध.

पेशंटने नुसतं बघत बसायचं नाही. करंट चढायला लागला की ‘उघड, उघड’ म्हणत स्वतः जोर लावायचा आणि बंद झाला की सोडायचं. जोर न लावता घेतलेला करंट म्हणजे निम्मं मशीन वाया. काही यंत्रांना हातात धरायचं बटण असतं : पेशंटने प्रयत्न सुरू केला की दाबायचं, तेव्हाच करंट येतो. ही सोय असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी तेच घ्यावं. त्याच्याही पुढची यंत्रं स्नायूतला बारीक विद्युत इशारा पकडून स्वतःच करंट सोडतात. कल्पना उत्तम, पण तो इशारा पकडण्यासाठी पॅड आणि कातडी दोन्ही चोख लागतात. घरी रोज तेवढं जमत नाही.

आणि तेल. सकाळी मालिश, मग अंघोळ, मग करंट, हा आपल्या घरांतला ठरलेला क्रम. अंगावर तेलाचा पातळ थर राहतो, पॅड नीट चिकटत नाही, करंट एका कोपऱ्यातून जातो आणि तिथे चटका बसतो. करंट आधी, मालिश नंतर. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करा. केस दाट असतील तर कात्रीने कापा, वस्तऱ्याने नको, बारीक जखमांवर करंट झोंबतो. काढल्यावर लालसरपणा तासाभरात गेला पाहिजे. टिकला तर दोन दिवस बंद.

एक धोका दुकानात कुणी सांगत नाही. लकव्याच्या हाताला अनेकदा कळ कमी लागते. ‘लागतंय का?’ असं विचारत करंट वाढवत गेलात तर पेशंट ‘नाही’ म्हणत राहील आणि कातडी भाजेल. हालचाल दिसली की थांबायचं. नवे पॅड आधी चांगल्या हातावर लावून बघायचे, टोचतात की सारखे झिणझिणतात ते तिथे कळतं. पेसमेकर असेल तर हे मशीन घरात आणूच नका. फिट येत असतील, हातात रक्ताची गाठ असेल, कॅन्सरचे उपचार चालू असतील किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मानेच्या पुढच्या बाजूला आणि छातीवर आरपार पॅड कधीच लावायचे नाहीत.

एवढी पथ्यं सांगूनही निकाल असा : बोटं न उघडणाऱ्या पण फार न आखडलेल्या हातासाठी, एकच यंत्र घ्यायचं असेल तर हेच.

हवेचा हातमोजा

दिसायला सगळ्यात झकास, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त खपतो. एक डबी, तिच्यात हवेचा छोटा पंप, पाच नळ्या आणि मोज्याच्या प्रत्येक बोटावर पन्हाळीसारख्या घड्या पडलेली रबराची नळी. पंप हवा भरतो तेव्हा बोट वाकतं, ओढून घेतो तेव्हा सरळ होतं. बहुतेक मॉडेलमध्ये दुसऱ्या हातासाठी सेन्सरचा मोजाही येतो : चांगला हात उघडला की लुळा उघडतो. हा आरसा मोड सोडला तर बाकी मोडमध्ये पेशंट टीव्ही बघत बसतो आणि मोजा आपलं काम करत राहतो. वीस मिनिटांत दोनशे वेळा हात उघडला-मिटला, आणि त्यातले पेशंटचे स्वतःचे प्रयत्न शून्य. सूज उतरायला, सांधे मोकळे ठेवायला आणि सरावाआधी हात सैल करायला मोजा चांगला आहे. हात ‘शिकवायला’ नाही. आरसा मोडमध्ये, डोळे लुळ्या हातावर ठेवून, प्रत्येक वेळी स्वतः जोर लावला तर मात्र त्याची किंमत वसूल होते.

मागवताना चूक ठरलेली : डाव्या मेंदूला झटका, उजवा हात लुळा, आणि रिपोर्टवर ‘लेफ्ट’ वाचून डाव्या हाताचा मोजा मागवला जातो. अंगाला लावायची वस्तू म्हणून बरेच विक्रेते ती परत घेत नाहीत. माप मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत घ्या, आणि तेही लुळा हात सुजलेला नसेल तेव्हा, म्हणजे सकाळी. दोन मापांच्या मधे अडलात तर मोठा घ्या. घट्ट मोजा आखडलेल्या बोटांवर चढवणं म्हणजे ओल्या पायावर मोजे चढवण्याच्या दसपट त्रास.

चढवायची युक्ती : आधी मनगट हलकेच खाली वाकवा. तसं केल्याने बोटांच्या शिरा सैल पडतात आणि बोटं आपोआप उघडतात. अंगठा टोकाला धरून ओढू नका, मुळाशी मांसल भागाला धरून बाहेर काढा. आत पातळ सुती मोजा घाला, थोडी टाल्कम पावडर, कारण रबराचा मोजा धुता येत नाही आणि एप्रिल-मे मध्ये घामाने त्याला आठवड्यात वास येतो. बोटं शिरली की मनगट हळूहळू सरळ.

हात फार आखडलेला असेल, म्हणजे दुसऱ्याने उघडतानाही चांगला जोर लावावा लागत असेल, तर मोजा हरतो. पंपाची ताकद अपुरी पडते, बोटांऐवजी मनगट खाली झुकतं आणि मधल्या सांध्यांवर ताण येतो. मनगटाला आधाराची पट्टी लावल्याशिवाय अशा हातावर मोजा चालवू नये. त्याआधी आखडलेला स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनमच्या इंजेक्शनचा विचार डॉक्टरांशी करावा. त्याचा असर साधारण तीन महिने राहतो आणि तेवढ्या काळात करंट व सराव जोरात करून घ्यायचा असतो. इंजेक्शन घेऊन नुसतं बसलं तर तीन महिन्यांनी पुन्हा तिथेच.

बिघाड नेहमीचे. एक बोट हलत नाही? डबीकडच्या दोन नळ्यांची अदलाबदल करा. बिघाड दुसऱ्या बोटाकडे गेला तर दोष पंपाच्या तोंडाशी आहे, त्याच बोटाला राहिला तर नळी किंवा मोजा फुटला आहे. जोडापाशी नळी चिरली असेल तर तेवढा सेंटिमीटरभर तुकडा कापून परत बसवली की चालतं. अंगठ्याची हालचाल सगळ्याच मोज्यांत कच्ची आहे. अंगठा बाजूला उघडायला हवा, हे मोजे त्याला नुसता वाकवतात.

थंडीबद्दल एक गोष्ट. डिसेंबर-जानेवारीत, विशेषतः निफाड-दिंडोरीकडे सकाळी, आखडलेला हात आणखी आखडतो. मोजा किंवा करंट दुपारी घ्या, किंवा आधी हात कोमट पाण्यात दहा मिनिटं धरा. पाणी चांगल्या हाताने तपासायचं. गरम पाण्याची पिशवी लुळ्या हातावर ठेवून झोपायचं नाही, कळ न लागल्याने फोड येतात.

आरसा

मेंदूशास्त्रज्ञ रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात कापलेल्या हाताच्या भासमान वेदनेसाठी आरशाची पेटी वापरली. १९९९ मध्ये ती लकव्याच्या हातासाठी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली गेली. कॉक्रेन ही संस्था अनेक अभ्यास एकत्र करून तपासते. तिच्या २०१८ च्या आढाव्यात ६२ अभ्यास एकत्र केले, आणि नेहमीच्या उपचारांच्या जोडीला आरसा हातात फरक पाडतो असं दिसलं. ऑनलाइन घडीची पेटी मिळते, पण तिचा ॲक्रिलिकचा पातळ आरसा वाकतो आणि हात जत्रेतल्या आरशासारखा दिसतो. त्यापेक्षा काचवाल्याकडून ४ मिमी जाडीचा १४ बाय १८ इंचांचा आरसा कापून घ्या, कडा घासून घ्या, मागे प्लायवूड लावून उभा राहील असा आधार करा. कडांना चिकटपट्टी.

आरसा छातीच्या मधोमध, चांगल्या हाताकडे तोंड करून. लुळा हात मागे लपलेला, म्हणजे आरशात बघताना त्याच्या जागी हलणारा हात दिसतो. चांगल्या हातातल्या बांगड्या, अंगठी, घड्याळ काढा. गोंदण असेल तर पावडर लावून झाका. लुळ्या हातावर नसलेली खूण आरशात दिसली की डोळ्यांची फसवणूक उघडी पडते. बायकांच्या बाबतीत बांगड्या काढायचा प्रश्न नाजूक असतो, तिथे दोन्ही हातांत सारख्याच बांगड्या घालून काम भागतं. रोज ३० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस : मूठ उघड-मीट, तळवा वर-खाली, अंगठा प्रत्येक बोटाला. हळू. मागचा हात हलो न हलो, प्रयत्न दोन्हीकडे. डावीकडचं भान हरवलेल्या पेशंटचं डोकं आरशाकडे वळतच नाही, तिथे शेजारी बसून बोट दाखवत राहावं लागतं.

खर्च आणि फायदा यांचा मेळ पाहिला तर या यादीत आरशाला तोड नाही. कंटाळवाणा आहे, हाच त्याचा दोष.

गेम आणि रोबोट

२०१६ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त १४१ पेशंटची चाचणी आली : एका गटाला निन्टेंडो वीचे, म्हणजे हात हलवून टीव्हीवर खेळायचे गेम, दुसऱ्याला पत्ते, बिंगो, जेंगा आणि चेंडू. दोन्ही गट सुधारले, फरक नाही. म्हणजे गेम वाईट नाहीत, पण रमी खेळणाऱ्याने पैसे खर्चायची गरजही नाही. पत्ते लुळ्या हाताने उचलायचे, इतकंच पथ्य. मोबाइलच्या कॅमेऱ्याने हात ओळखणाऱ्या गेमची खोड अशी की पेशंट खांदा उचकून, कंबरेतून पुढे झुकून फळ तोडतो आणि गेम ‘शाब्बास’ म्हणतो. छातीवरून एक उपरणं घेऊन खुर्चीच्या पाठीला बांधा. श्वास अडेल इतकं घट्ट नाही, पण पुढे झुकता येणार नाही इतकं. मग खरा हात पुढे जातो आणि गुण निम्म्यावर येतात. टॅब्लेटवरही तेच : काचेला बोटाचं टोक लागो की मुठीचा सांधा, तिला फरक पडत नाही. बाकी डोक्याला लावायचे गेमचे (व्हीआर) चष्मे चक्कर येणाऱ्या पेशंटला देऊ नका.

रोबोटच्या नावाने मोठे पॅकेज विकणाऱ्यांना २०१९ च्या ब्रिटिश चाचणीची आठवण द्यावी. ७७० पेशंट, १२ आठवडे, आठवड्यातून तीनदा ४५ मिनिटं रोबोट. नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताच्या कामात ठळक फायदा दिसला नाही. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रास यांनी ‘प्लूटो’ नावाचा हातासाठीचा छोटा, भाग बदलता येणारा रोबोट विकसित केला. पेशंटने स्वतः हलवायचं, त्याला जमत नाही तेवढीच मदत करायची, या विचाराचा. दिशा तीच बरोबर.

व्हिडिओवरची फिजिओथेरपी

सुरगाणा, पेठ किंवा कळवणहून शहरात यायचं म्हणजे पेशंटचा आणि सोबतच्या माणसाचा अख्खा दिवस जातो. अशांना ही सेवा वरदान ठरू शकते. २०१९ च्या अमेरिकेतल्या १२४ पेशंटच्या चाचणीत ७० मिनिटांची ३६ सेशन झाली : निम्मी देखरेखीखाली, निम्मी आपापली. हाताच्या ६६ गुणांच्या चाचणीत घरी व्हिडिओवर करणाऱ्यांना सरासरी ७.८६ गुण वाढले, क्लिनिकमध्ये जाणाऱ्यांना ८.३६. फरक नगण्य. पण त्या घरांत यंत्रणा बसवून दिली होती, दिवसाचा सराव आखलेला होता. आपल्याकडे पुष्कळदा ‘व्हिडिओ सेवा’ म्हणजे व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या दहा क्लिप आणि आठवड्याला ‘कसं चाललंय?’ असा फोन. तेवढ्यासाठी पैसे देऊ नका.

सेवा घेण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. पहिली तपासणी प्रत्यक्ष होणार का? खांदा निसटलाय का, आखडणं किती, कळ किती लागते, हे स्क्रीनवरून कळत नाही. फिजिओचा महाराष्ट्र कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय? हात कशाने मोजणार आणि दर किती दिवसांनी? सेशनच्या मधल्या दिवसांचा सराव आकड्यांसह लिहून मिळणार का? चौथ्याचं उत्तर ‘जमेल तेवढं करा’ असं आलं तर सेवा बदला.

फोन कुठे ठेवायचा हेही कुणी सांगत नाही. सगळे जण तो समोर, चेहऱ्यासमोर ठेवतात आणि फिजिओला हाताऐवजी कपाळ दिसतं. लुळ्या बाजूला, तिरका, छातीच्या उंचीवर, साधारण पाच फुटांवर ठेवा. खांदा, कोपर आणि बोटं एका चौकटीत दिसली पाहिजेत. खिडकी पाठीमागे नको. गावाकडे वीज आणि रेंज दोन्ही जातात, तेव्हा तो दिवस वाया घालवण्याऐवजी सरावाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून नंतर पाठवा.

जपाचा काउंटर

रामकुंडाच्या आसपास आणि त्र्यंबकेश्वरला बोटात घालायचा नामजपाचा काउंटर मिळतो. अगदी स्वस्त. या सगळ्या यादीत प्रयत्न सगळ्यात जास्त वाढवणारं यंत्र हेच ठरतं, आणि कुठलीही कंपनी ते ‘रिहॅब’ म्हणून विकत नाही. चांगल्या हाताच्या बोटात घालायचा, लुळ्या हाताने एक काम पूर्ण झालं की एकदा दाबायचं. स्टीलचा पेला उचलून पुढच्या चौकटीत ठेवला : एक. द्राक्षाचं रिकामं पनेट (प्लॅस्टिकची डबी) उघडलं : दोन. मटाराची शेंग फोडली, डब्याचं झाकण फिरवलं, रुमालाची घडी मोडली. १०८ चा एक फेरा, दिवसात तीन फेरे, सकाळ-दुपार-संध्याकाळ. ३२४ होतात, आणि हा आकडा रोज कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचा. पहिल्या आठवड्यात चाळीसवरच हात थकतो, तिथून दर दोन दिवसांनी दहाने वाढवा. खांदा दुखला तर संख्या तीच ठेवून पेल्याची उंची कमी करा.

मनगटावरचं स्मार्टवॉच हे काम करत नाही. चालताना लोंबणारा हातही ते ‘हालचाल’ म्हणून मोजतं.

पंधरा दिवसांतून एकदा मोजणी : मधे वीतभर उंच फळी, एका बाजूला इंचभर लांबी-रुंदीचे लाकडी ठोकळे, ६० सेकंदांत किती पलीकडे टाकले. ठोकळे नसतील तर मोठ्या सुपाऱ्या, पण दर वेळी त्याच. एकेक करूनच. सकाळी मोजलं असेल तर पुढच्या वेळीही सकाळीच. दीड महिना आकडा हललाच नाही तर व्यायाम बदलायची वेळ झाली, यंत्र बदलायची नाही. आणि आकडा एका दिवसात अचानक घसरला, तोंड वाकडं दिसलं किंवा बोलणं अडखळलं, तर ती थकावट समजून वाट बघू नका. ॲम्ब्युलन्ससाठी १०८ ला फोन करा.

करंटच्या पॅडचं राहिलं. एक जोडी साधारण वीस-तीस वेळा चालते. उन्हाळ्यात आणखी कमी. वापरून झाले की प्लॅस्टिकवर परत चिकटवून, पिशवीत घालून फ्रिजच्या दारात ठेवा. कोरडे पडले तर बोटाने पाण्याचा एक थेंब पसरवा आणि दोन मिनिटं थांबा, दोन-तीनदा असं चालतं. नवे घ्यायला जाताना जुना पॅड सोबत न्या, कारण काहींना २ मिमीची पिन घुसवायची असते आणि काहींना वर टिचकी बटण असतं. दोन्हींची खोकी सारखीच दिसतात.